मोगऱ्याचो वास

पुण्याहून पार्सल आलं तेव्हा ते उघडायच्या आधीच माझं डोकं फिरलं. खोक्यावर धाकट्या बहिणीचं गोल गोल अक्षर होतं आणि आई ते मांडीवर घेऊन असं कुरवाळत होती, की बहीणच आत बसून आली असावी. आत निघाली एक मेणबत्ती. जाड काचेच्या पेल्यात ओतलेली, वर लाकडी झाकण, आणि सुगंधी. मोगऱ्याची.

सुगंधी मेणबत्ती, आणि ती माझ्या आईला! मोठ्या तापातून उठल्यापासून आईला कसलाच वास येत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचे वास रोज नाकाशी न्या, नाक कधीतरी जागं होईल. आता न्या म्हणजे कोणी न्यायचे? बहीण लग्न होऊन पुण्यात, आईजवळ राहणारी मी. ऑफिस सुटलं की सावंतवाडीच्या बाजारातून मी सुरंगीच्या फुलांचे वळेसर, घमघमणारे गजरे, आणायची. अंगणात काजू भाजले, डोळे चुरचुरेपर्यंत. सुके बांगडे निखाऱ्यावर टाकले, वाडीतली सगळी मांजरं गोळा झाली. आई प्रत्येक वेळी वाकून, डोळे मिटून, अगदी मनापासून हुंगायची आणि मान हलवायची. "नाय गो बाय. कायच येणा नाय."

आईला पुन्हा वास यावा आणि जो पहिला येईल तो माझ्या हातचा असावा, एवढंच मला हवं होतं. काही फार मागत नव्हते.

त्या संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला आणि तिच्या देखरेखीखाली मेणबत्ती पेटली. पुण्याला गेल्यापासून ही 'माका-तुका' विसरली आहे. "पहिल्यांदा लावशील ना ताई, तेव्हा वरचं मेण काठापर्यंत वितळू दे हं. लवकर विझवलीस तर मधे खड्डा पडतो आणि मग ती कायम तशीच जळते." मी बरं म्हटलं. आई फोनच्या आणि मेणबत्तीच्या मधे नाक घेऊन बसली होती. आणि एकदम ती हसली.

"येता गो! मोगऱ्याचो वास येता!"

पलीकडे बहीण रडायला लागली. जावईबापूही कुठूनतरी डोकावले. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! सुरंगी मी आणायची, भाजून काळी मी व्हायची आणि नाक कोणासाठी उघडलं, तर कुरिअरने आलेल्या मोगऱ्यासाठी. मोगरा आमच्या दारात आहे. त्याची फुलं मी कितीदा तिच्या उशाशी ठेवली होती.

मग त्या मेणबत्तीचं कौतुक सुरू झालं. वात दर वेळी पेटवण्याआधी थोडी कापायची, नाहीतर ज्योत मोठी होते आणि काच काळी पडते. ते काम माझ्याकडे. वाऱ्यात ठेवायची नाही, एका अंगाने जळते, म्हणून पंखा बंद. वैशाखाच्या उकाड्यात मी घामाने निथळत बसायची, कारण पुण्याच्या ज्योतीला वारा सोसत नव्हता. आजूबाजूला कापड नको, कागद नको, पडदा नको. फार वेळ एका दमात जाळायची नाही. आणि फुंकर मारायची नाही, झाकण ठेवायचं. हे ऐकून आई किती खूश झाली! "दिव्याक कोण फुंकर मारता? माझ्या चेडवाक सगळा ठावक आसा." वास्तविक फुंकर मारू नये हे आम्हा दोघींना आईनेच शिकवलेलं. पण समईची काजळी मी इतकी वर्षं झाडते, त्याबद्दल मला कधी शाबासकी मिळाली नाही.

रोज फोन. रोज तोच प्रश्न, "वास येतोय ना गं आई?" आणि रोज आईचं "येता गो, येता." मेणबत्ती मात्र झकास जळत होती, काठापासून काठापर्यंत एकसारखी. माझ्याच देखरेखीखाली. जळण्यात मीही काही कमी नव्हते, पण माझं कोणी विचारत नव्हतं.

एका संध्याकाळी ताजे बांगडे मिळाले. बऱ्याच दिवसांनी आमटी करायचं ठरवलं. बांगड्याच्या आमटीत शेवटी ठेचलेली तिरफळं हवीतच, त्यांचा वास आईचा एके काळचा लाडका. वाटण लावलं, मासे सोडले, तिरफळांची बरणी काढून ओट्यावर ठेवली. आज हिला वास आलाच पाहिजे, असं मनाशी घोकत होते. जळला तो मोगरा.

आणि खरंच काहीतरी जळत होतं. आमटीच्या वासातून जळक्या सुताचा वास माझ्यापर्यंत आला. मी धावले.

फोनची वेळ झाली म्हणून आईने मेणबत्ती स्वतःच लावली होती. वात न कापता, उघड्या खिडकीपाशी, टीपॉयवरच्या क्रोशाच्या रुमालावर. वाऱ्याने ज्योत आडवी होत होती, काच एका बाजूने काळी, आणि रुमालाचा कोपरा उडून वर आला होता तो धुमसत होता. काळा धूर निघत होता. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर माझी आई, फोन कानाला लावून, खिडकीबाहेर बघत सांगत होती, "येता गो, येता. अख्खा घर घमघमता!"

मी रुमाल ओढून जमिनीवर टाकला आणि त्यावर तांब्या उपडा केला. पेल्यावर झाकण ठेवलं. गरम मेणावर पाणी ओतायचं नाही, हेही बहिणीनेच सांगितलेलं, आणि नेमकं ते मला आठवलं याचासुद्धा राग आला. आईने दचकून "ठेवतंय गो" म्हणत फोन ठेवला.

"आये, जळक्याचो वास इलो नाय तुका?"

ती रुमालाकडे बघत राहिली. "नाय इलो."

"मगे तो मोगरो?"

"तोय नाय."

"मगे तिका कित्याक येता म्हणान सांगतस?"

"ती लांब आसा गो," आई म्हणाली. "तिका हयसर येवन काय करूक गावणा नाय. म्हणान तिणा ही मेणबत्ती धाडल्यान. तिका नाय कशी सांगू? तुका खरा सांगलेला चलता. तू हयच आसस."

म्हणजे जिंकले होते मी. मोगरा हरला होता. तरी पोटात दुखायचं काही थांबेना, उलट जास्तच दुखायला लागलं. मी इतके वास तिच्यासमोर धरले, दर वेळी आशेने तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि मला मिळालं नुसतं खरं. लाडाचं खोटं सगळं पुण्याला.

"माझ्यासाठी बोललंस कधी एकदा तरी खोटा?" मी म्हटलं, आणि उत्तर ऐकायला थांबले नाही. स्वयंपाकघरात गेले. आमटी खाली लागत आली होती. गॅस बंद केला, भात वाढला, आमटी ओतली आणि ताट जरा आपटूनच तिच्यापुढे ठेवलं.

आईने ताट जवळ ओढलं. घास घेतला नाही. आधी वाकली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"तिरफळांचो वास काय मस्त येता गो!"

मी ओट्याकडे बघितलं. तिरफळांची बरणी काढून ठेवली तिथेच होती. झाकणही न उघडलेली, शिगोशीग भरलेली.

"येता मां?" मी विचारलं.

"येता तर!" आई म्हणाली.