रिकाम्या बाटलीची पोच

बाटलीमामांना इस्पितळात खऱ्या नावानं कोणी हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. बावीस वर्षं ते अतिदक्षता विभागातल्या रोग्यांच्या लघवीच्या बाटल्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोचवत होते. थोरला भाऊ, दादा, चारचौघांत विचारायचा, "काय रे, आज किती लिटर?" मामा हसण्यावारी न्यायचे, पण ते जिव्हारी लागायचं.

मग विषाणूची साथ आली आणि लघवीला भलताच भाव आला. हा आजार मूत्रपिंडावर उतरायचा, आणि आतली सूज रक्ताआधी लघवीत दिसायची. रक्त साफ करणारी यंत्रं दोन, रोगी नऊ. म्हणून नियम निघाला: दर सहा तासांनी नमुना, नमुन्यावरून सुजेचा आकडा, आकड्यावरून संगणकाची यादी. ज्याची सूज जास्त, त्याला यंत्र आधी. नियम फार शिकलेल्या मंडळींनी केला होता, त्यामुळे त्यातलं भोक कुणाला दिसलं नाही.

त्या भोकात नेमका दादाच सापडला. चार नंबरची खाट, घशात नळी, सकाळपासून लघवीचा थेंब नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांनी फोन करकरून हात टेकले. थेंब नाही म्हणून नमुना नाही, नमुना नाही म्हणून आकडा नाही, आणि दादा यादीत तळाला. वर संगणकानं त्याच्यापुढे 'सूज आढळली नाही' असंही छापलं. एक यंत्र दुपारपासून पुढच्या आकड्याची वाट बघत मोकळं उभं होतं.

सिस्टरनी नियमाप्रमाणे रिकाम्या बाटलीवर चिठ्ठी डकवली. मामा ती घेऊन खाली गेले.

खिडकीवरच्या बाईंनी बाटली हलवून पाहिली. "यात काही नाहीये."

"तेच तर सांगायचंय. मूत्रपिंडं बंद पडलीयत."

"मग तसा रिपोर्ट आणा."

"रिपोर्ट तुम्हीच देता ना?"

"नमुना द्या, देते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मामा, कुणाची तरी थोडी घाला ना. माझा फॉर्म तरी पुढे सरकेल."

मामा खरंच संडासात गेले, कडी लावली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपली लघवी ठणठणीत. रिपोर्ट उत्तम येणार आणि दादा त्या उत्तम रिपोर्टासकट मरणार. आपण थोडे तरी आजारी असायला हवं होतं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

ते तडक सभागृहात शिरले. मूत्रपिंडाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई पडद्यावर याच यादीचे गुण दाखवत होत्या. मामांनी बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"चार नंबर, बाई. सकाळपासूनची सगळी लघवी आहे."

बाईंनी बाटली उजेडाकडे धरली, आणि पडदा तसाच सोडून त्या जिन्याकडे धावल्या. तासाभरात दादाला यंत्र लागलं.

दादाच्या घशातली नळी आठव्या दिवशी निघाली. नवव्या दिवशी बाटलीत चाळीस मिलिलिटर जमली. लिफ्ट धक्के देते म्हणून मामा ती दोन्ही हातांनी सांभाळत जिन्यानं उतरले.

"पन्नास लागते," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. "नमुना अपुरा."

"असू दे अपुरा," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तसा शिक्का मारून पोच तेवढी द्या."

ती पोच त्यांनी वर नेऊन दादाच्या डोळ्यांपुढे धरली.

"किती रे?" दादानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"चाळीस मिली."

बावीस वर्षं लिटरांत विचारणाऱ्या दादानं धाकट्या भावाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.