लाल बटन आणि येळवशीची पंगत

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. सांडला तर पुसायला मी उठणार नाही. माझ्या वयात माणसानं दुसऱ्यांच्या चुका सांगाव्यात. पण ही चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर खपण्यासारखी नाही.

मी दवाखान्यातला मामा. म्हणजे पेशंट उचलणारा, स्ट्रेचर ढकलणारा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर घरी यायला लागले म्हणून. बायको गेली तेव्हापासून घरी एकटा. दिवसातलं एकच जेवण गोड लागायचं, दवाखान्यातलं दुपारचं.

जुना दवाखाना परभणीत बाजाराला खेटून होता. इतका दाटीवाटीचा की एका खोलीत शिंकलं की दुसऱ्या खोलीतून विचारणा व्हायची. दुपारी मी व्हरांड्यात उभा राहून म्हणायचो, "चला." वंदना सिस्टर वॉर्डातून यायची, रफिक एक्स-रेच्या अंधारातून. बाकीचेही डबे घेऊन यायचे. कोण कुणाची भाकरी खातोय, कळायचं नाही.

मग दवाखाना पिंगळीच्या रस्त्याला नव्या जागेत गेला. जागा कसली, गावच म्हणा. एक्स-रे या टोकाला, वॉर्ड त्या टोकाला, माझी स्ट्रेचरची खोली फाटकापाशी. हाक मारली तर समोरच्या ज्वारीतली पाखरं तेवढी उडायची. सगळ्यांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून मॅनेजर साहेबांनी मोबाईलवर ग्रुप काढला. सकाळी त्यात फुलं यायची म्हणे. माझा फोन साधा. त्यात फुलं येत नाहीत. आणि दुपारी माणसंही येईनात. मी स्ट्रेचरवर डबा ठेवून भिंतीकडं बघत जेवायचो.

एकदा साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, "इमारती लांब झाल्या, माणसं नाही. प्रत्येक खोलीत लाल बटन आहे. ते दाबलं की सगळीकडून आपली माणसं पळत येतील." तेवढ्यात मला खुर्च्या आणायला पिटाळलं. पुढं काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. विचारलंही नाही. एवढ्या वर्षांच्या माणसानं बटनाबद्दल काय विचारायचं?

परत आलो तर त्यांनी बटन दाबून दाखवलं. खरंच सगळे पळत आले. हसत होते, धापा टाकत होते. नंतर चहा झाला, समोसे झाले. मला कळलं ते एवढंच. बटन दाबायचं, माणसं येतात, मग खायचं. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा?

पुढं येळवस आली. थंडीतली ती अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी शेतात जेवतात, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. त्या दिवशी एकट्यानं जेवायचं नसतं. माझं शेत राहिलं नाही, पण दरवर्षी पालेभाज्या-शेंगांची घोटलेली भज्जी आणि ताकातली आंबील करून मी दवाखान्यात पंगत घालायचो. पूर्वी बायको करायची. आता मी करतो. हात तिचा नाही, पण पातेली तिचीच घेतो.

सकाळी सगळ्यांना सांगून आलो. वंदना म्हणाली, "जमलं तर येते, मामा. वॉर्ड भरलाय." रफिक म्हणाला, "कसं यावं? बाहेर रांग बघायलेत ना तुमी?"

दुपार झाली. खोलीत पत्रावळ्या मांडल्या, पातेली मधे ठेवली आणि बसलो. कुणी आलं नाही. पुन्हा बोलवायला जाणं माझ्या स्वभावात नाही. भज्जी निवायला लागली. समोर भिंतीवर लाल बटन.

दाबलं.

सगळ्या आवारात घंटा घणघणली. कर्ण्यातून बाई माझ्या खोलीचं नाव पुकारू लागली. मी म्हटलं, वा, आपल्याला तर हाक मारायचीही गरज नाही. शांतपणे भिंतीला टेकून मांडी घातली.

आधी एक नवा डॉक्टर आत घुसला. मागून ऑक्सिजनची टाकी, औषधांची गाडी, वंदना, रफिक, आणि सगळ्यांच्या मागं मॅनेजर साहेब.

"पेशंट कुठाय?" डॉक्टर ओरडला.

"बसा," मी म्हणालो.

त्यानं माझी नाडी धरली. "हेच आहेत. उचला."

ज्या स्ट्रेचरवर मी डबा खायचो, त्याच्यावर मला आडवं केलं. वंदनाचा चेहरा पांढरा पडला होता. "मामा, काय व्हायलंय तुमाला?" आता तिला काय सांगू, की भज्जी निवत होती? त्यात साहेब विचारत होते, बटन कुणी दाबलं. कशासाठी दाबलं ते खरं सांगितलं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर मग घरच्या भिंतीच उरल्या.

"मीच दाबलं," म्हणालो.

"छातीत दुखतंय?" डॉक्टर.

"थोडं."

"कधीपासून?"

"आपण इकडं आलो तेव्हापासून."

"एवढे महिने अंगावर काढलं?" तो चिडला. "सलाईन लावा. ईसीजी काढा. आणि मी सांगेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

वॉर्डाशेजारच्या खोलीत मला निजवलं. ईसीजी चांगला निघाला, तरी डॉक्टर सोडेना. संध्याकाळकडं एकेक जण बघायला येऊ लागला. शेवटी रफिक आला, दोन्ही पातेली घेऊन. माझ्या कानाशी वाकला.

"मामा, छाती दुखणारा माणूस येवढ्या पत्रावळ्या मांडतो का?"

"गप बैस."

तो सरळ झाला. मग सगळ्यांना म्हणाला, "येळवशीचं हाय, वाया कामून घालवायचं?" माझ्या खाटेभोवती पत्रावळ्या पडल्या. जुन्या दवाखान्यातली सगळी माणसं आली. तशीच चेष्टा, तशीच ओढाओढी. नवा डॉक्टरही मांडी घालून बसला. त्यानं दोनदा भज्जी मागून घेतली.

"डॉक्टर, घोटभर आंबील तरी," मी म्हणालो.

"तोंडानं काही नाही, मामा," तो तोंड भरून म्हणाला.

वंदनानं बोट चाटलं. "मामा, आवंदा आंबिलीत मीठ कमी पडलंय बरं का."

पडलं होतं का, मला माहीत नाही. मला घरी सोडलं तेव्हा पातेली हातात आली ती घासून, पुसून, लखलखीत.