मागची पंगत

आईचं वजन उतरत चाललं होतं आणि मी तुर्भ्याला मसाल्याच्या गाळ्यात धने चाळत होतो. त्या उन्हाळ्याबद्दल कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येईल. हात चाळणीवर आणि जीव खोलीवर.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मसाल्याचा बाजार मुंबईहून इकडे येऊन फार काळ झाला नव्हता. गाळ्यात गुंटूरची मिरची यायची, गुजरातचं जिरं यायचं, केरळची मिरी यायची. ट्रकची ताडपत्री सोडली की शिंका सुरू. मी आठवीत शाळा सोडून लातूरकडून आलेला, मला देशाचा नकाशा त्या पोत्यांवरून कळला. पण या सगळ्याचं जेवण कसं होतं ते मला ठाऊक नव्हतं. मी फक्त निवडायचो, चाळायचो, पोत्यांची तोंडं शिवायचो. शेठनी ठेवून घेतलं याचेच उपकार वाटायचे. माझा स्वभावच तसा. कुणी पाणी दिलं तरी दोनदा उपकार मानायचे आणि आपण कमी मानले की काय याची पुन्हा काळजी करायची.

वडील गेले, चुलत्यांनी चुली वेगळ्या केल्या, आणि आईला गावाकडे कुणी उरलं नाही. म्हणून मी तिला वस्तीतल्या माझ्या पत्र्याच्या खोलीवर आणलं. तिला त्रास नको म्हणून मी स्वतःचं खाणं बाहेरच ठेवलं. सकाळी चहा-पाव, दुपारी बाजाराजवळच्या खानावळीत, संध्याकाळी गाडीवर उसळ-पाव खाऊनच घरी. दारात पाऊल टाकलं की आई विचारायची, "जेवलास?"

"हो गं. तू जेव."

"जेवते की."

सकाळी टोपल्यात भाकरी तशीच, वाळून कडक झालेली.

डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पोटात अन्न नाही. असंच राहिलं तर दाखल करून सलाइन लावावं लागेल. नाहीतर गावी धाडा, हवा मानवत नसेल. गावी कुणाकडे धाडू? मी डॉक्टरांचे आभार मानून बाहेर आलो आणि औषधाची चिठ्ठी आतच विसरलो.

मला वाटलं, चवीचं काहीतरी असणार. म्हणून तिला हिंडवायला लागलो. आधी वाशीला उडप्याच्या हॉटेलात. वेटरनं मसाला डोसा आणून ठेवला. कुणी ताटात अंथरूण वाढावं तशी आई त्याच्याकडे बघत राहिली.

"एवढा मोठा? एकटीनं खायचा?"

"तुझाच आहे. खा."

"तू?"

"माझं झालंय गाळ्यावर."

तिनं एक कोपरा मोडला, चटणीत बुडवला आणि बशीतच ठेवला. मी बघत होतो. ती पाणी प्यायली. मी अजून बघत होतो. शेवटी वेटरच म्हणाला, "पार्सल करू का?" तो डोसा वस्तीतल्या पोरांनी खाल्ला.

मग हायवेच्या कडेला पंजाबी ढाब्यावर नेलं. खाटा टाकलेल्या, पिवळी डाळ, वर लोण्याचा गोळा. आईनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली. "बापेमाणसं हायती सगळी. कसं गिळावं, बाबा?" मला वाटलं, तिला लोण्याचा वास सोसला नाही.

मग डोक्यात आलं, येसर! आमच्याकडे धान्य आणि मसाला भाजून दळून ठेवतात, त्याची आमटी करतात. गाळ्यातून शेठना विचारून मूठ-मूठ सगळं घेतलं. धने, जिरं, सुंठ, दालचिनी. सुट्टीच्या दिवशी खोलीत स्टोव्ह पेटवला आणि लहानपणी नुसत्या वासानं ओळखलेली गोष्ट करायला बसलो. धने करपले. पीठ पाण्यात सोडलं तर त्याच्या गोट्या झाल्या.

आई कित्येक दिवसांनी हसली. "आरं, आमटी करायलास का लाडू वळायलास?"

"चव तरी बघ."

"तू घेतलीस?"

"करता करता पोटभर चाखलीय."

"मग झाकून ठीव. खाते मागून."

संध्याकाळी पातेलं जसंच्या तसं. मी रागावलोही. मग रागावलो म्हणून घाबरलो. खोलीतून बाहेर, बाहेरून आत, असं चाललं होतं माझं.

पुढच्या दिवशी तिला एकटी सोडायचा धीर होईना. बरोबर कामावर घेऊन गेलो, शेठनी पोत्यांपाशी बसू दिलं, आणि दुपारी खानावळीत नेलं. खानावळवाली तुर्भे गावातलीच आगरी बाई. नव्या शहरासाठी शेतजमीन सरकारकडे गेल्यावर तिनं घराच्या पडवीत बाकडी टाकली होती. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कधी सुकट. सगळे तिला मावशी म्हणायचे. त्या दिवशी तिची वाढायला येणारी जाऊ कुठल्याशा हळदीला गेलेली आणि पडवी ट्रकवाल्यांनी भरलेली.

"मावशी, भाकरी येते का न्हावा शेव्याच्या बंदरात जाऊन खाऊ?" एक ड्रायव्हर ओरडला.

"मला काय चार हात हायेत काय रं?" मावशी चुलीपुढून ओरडली.

आमच्यापुढे ताटं आली होती. मी म्हटलं, खा. आई म्हणाली, तू खा. आणि उठली. चुलीपाशी गेली, मावशीला काही न विचारता भाकरीची टोपली उचलली आणि थेट त्या ड्रायव्हरपुढे जाऊन उभी राहिली. पदर खोचलेला. ढाब्यावर पाठ फिरवणारी हीच का ती, मला कळेना.

"घ्या. आन् आधी तोंडातला घास तर संपवा."

"आई, अर्धीच द्या," ड्रायव्हर म्हणाला.

"अर्धीनं काय हुतंय? एवढा मोठा टरक कशावर वडणार?"

पडवी हसली. ती बाकड्या-बाकड्यानं फिरली. माझ्यापाशी आली तेव्हा माझ्याही ताटात एक टाकली. मी जेवलो. ती इथं आल्यापासून तिनं वाढलेलं मी पहिल्यांदा जेवत होतो, हे मला त्याच वेळी कळलं.

गर्दी पांगली. मी आतल्या दारात जाऊन उभा. मावशी जमिनीवर दोन ताटं मांडत होती.

"मावशी, हिला जरा आग्रह करा. ही जेवतच नाही. डॉक्टर म्हणाले..."

"तू घरी कदी जेवतोस?"

"मी बाहेरच जेवतो. तिला त्रास नको म्हणून."

"आनि दुसरा कोन हाय घरात?"

"कोणी नाही."

मावशीनं कपाळावर हात मारला. "मंग ती कोनाच्या मागून जेवनार रं? आमी बायका कदी आधी बसलोत काय? चल, हो भायेर. तू तोंडाकडं बघत उभा राहशील तर मला पन घास जायचा नाय."

मी बाहेर आलो. मला धावत परत आत जावंसं वाटत होतं. रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग होती, तिच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. मघाचा ड्रायव्हर काच पुसत होता. म्हणाला, "काय रे, तुला मिळालं नाही का जेवण?"

"मिळालं."

"मग येड्यासारखा हिंडतोस कशाला?"

आतून भांड्यांचा आवाज आला. मग आईचा. मिरची भाजताना तेल किती घालायचं यावर ती मावशीशी चक्क वाद घालत होती. तोंडात घास असल्याशिवाय माणूस तसं बोबडं बोलत नाही. मी ट्रकच्या चाकाला टेकून उभा राहिलो.

हात पुसत आई बाहेर आली. मी मावशीचे आभार मानायला लागलो तर मावशी म्हणाली, "पुरे, पुरे. उद्या लवकर आन तिला."

आनंद झाला. पण खोलीकडे चालताना अर्ध्या वाटेत नवी काळजी लागलीच.

"आई, मावशीची जाऊ हळद उरकून परत आली की गं? मग काय करायचं?"

"ती आली तर ती वाढंल, मी भाकऱ्या थापीन. तिथं समद्यांच्या मागून जेवीन. आन् रातच्याला तूही घरी येऊन जेवायला शिक, म्हंजी तुझ्या मागून मी बसंन." मग तिनं माझा दंड धरून मला रस्त्याच्या कडेला ओढलं. "आन् रस्त्याकडं बघून चाल की बाबा, टरक यायलाय."