बाबांच्या हातातले दोन गंध

माघातल्या दुपारचे ऊन डोंबिवलीच्या आमच्या घरातल्या फरशीवर तिरपे उतरले होते, आणि कारखान्यांच्या बाजूने येणारा तो आंबूस, घशाला टोचणारा वास वाऱ्याबरोबर खिडकीतून आत शिरत होता. बाबा त्याच खिडकीशी शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी जाऊन खिडकी लावली, तेव्हा 'कशासाठी?' अशा नजरेने त्यांनी नुसते वर पाहिले.

बाबांची सारी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या सुगंधी मिश्रणांच्या एका कारखान्यात झाली. साबणांसाठी, उदबत्त्यांसाठी बनलेले कुठलेही मिश्रण त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. संध्याकाळी ते घरी येत, तेव्हा त्यांच्या शर्टाला कधी चंदनाचा, कधी केवड्याचा दरवळ असे. आणि फोडणीतला हिंग जुना झाला आहे, हे ते बाहेरच्या खोलीतून चपला काढता काढता आईला सांगत. गंधाच्या बाबतीत आमच्या घरात अखेरचा शब्द त्यांचाच होता.

म्हणून नवऱ्याच्या पन्नाशीला अत्तर द्यायचे मनात आले, तेव्हा ठाण्याहून मी दोन इवल्या कुप्या घेऊन त्यांच्याकडेच आले होते. एक होते जगभर नावाजलेल्या फॅशनवाल्या कंपनीचे, लिफ्टमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठेही सहज भेटणारे. दुसरे होते एकट्याने काम करणाऱ्या कुणा कारागिराचे. तो वर्षाला मोजक्याच बाटल्या काढतो आणि शौकिनांच्या लहानशा वर्तुळापलीकडे त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. दोन कागदी पट्ट्यांवर मी दोन्ही फवारली.

"हे नावाजलेलं," असे म्हणत मी पहिली पट्टी त्यांना दिली. त्यांनी डोळे मिटले, पट्टी नाकाखालून सावकाश फिरवली.

"वर लिंबाच्या जातीचं काहीतरी, मग लॅव्हेंडर, तळाशी कस्तुरी. स्वच्छ आहे. सगळ्यांना आवडावं म्हणून बेतलेलं."

मी सुखावले. दुसरी पट्टी देण्याआधी सहज ती स्वतःच्या नाकाशी नेली, आणि हात तिथेच थांबला. लिंबू आणि लॅव्हेंडर माझ्या हातात होते. घाईत मी पट्ट्यांची अदलाबदल केली होती. बाबांच्या हातातल्या पट्टीवर होते त्या कारागिराचे अत्तर, एवढे दाट, एवढे धुरकट, की नवख्यानेही ते दुसरे कुठले समजू नये.

डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"चुकलं ना माझं?"

मी हातातली पट्टी खाली घेतली.

"तू नावाजलेलं म्हणालीस, त्यावरून अंदाजानं बोललो. अगं, गेल्या वर्षीच्या तापानंतर कसलाच वास येत नाही. आधी वाटलं, सर्दी असेल. मग एकदा हिचं कपाट उघडलं..." त्यांनी वाक्य सोडून दिले आणि वर्तमानपत्राची घडी घालू लागले.

आई जाऊन तीन वर्षे झाली होती. या घरात गॅस होता, नासणारे दूध होते, आणि बाबा एकटे होते. माझ्या मनात भराभर हेच येत गेले. दर रविवारी येणाऱ्या मला वर्षभरात काही कळले नव्हते. दृष्टी मंदावली, तर माणूस भिंत चाचपडतो, ऐकू येईनासे झाले, तर पुन्हा विचारतो. बाबांनी मात्र जेवताना "छान झालंय" एवढेच म्हणत सारे वर्ष झाकून नेले होते.

"कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? ज्याचं नाकच गेलं, तो मी कोण?" ते म्हणाले, आणि पट्टी माझ्यापुढे धरली. "आता तू सांग. दोन्ही सांग."

मी प्रयत्न केला. नावाजलेले इस्त्रीच्या शर्टासारखे आहे, म्हणाले. दुसऱ्यापाशी अडखळले. "आधी धूर येतो, लाकडाचा. मग ओली मुळं. उन्हाळ्यात माठात टाकतो ना..."

"वाळा!" ते ताठ बसले. "धूर गोड होत जातो का?"

"हो, हळूहळू."

"म्हणजे वाळ्याखाली व्हॅनिला ठेवलाय त्यानं. दोन्ही सांभाळायचं म्हणजे कठीण काम. हेच घे. सगळ्यांना आवडणार नाही. चालेल."

किती दिवसांनी त्यांच्या आवाजात ती जुनी, कामावरची धार आली होती! मग ते उठले, आतल्या खोलीत गेले. मागोमाग मीही गेले. आईचे कपाट उघडून ते बाजूला उभे राहिले होते.

"हेही सांग."

मी साड्यांच्या घड्यांत चेहरा खुपसला. खरे सांगायचे, तर डांबरगोळ्यांखेरीज काही आले नाही. बाबा वाट पाहत होते. बऱ्याच वेळाने, तळाच्या एका सुती साडीच्या घडीतून, अगदी पुसट असे काही वर आले. "शिकेकाई," मी म्हणाले. "आणि खळ."

"आणि जायफळ?" त्यांनी हळूच विचारले. "शेवटी शेवटी झोप लागत नसे, म्हणून उगाळायची."

मी पुन्हा खोल श्वास घेतला. "आहे," म्हणाले.

ते खरोखर त्या साडीत होते, की त्यांच्या प्रश्नातून माझ्या श्वासात आले, हे मला अजूनही सांगता येत नाही.