शोभाचा बॉल काकूने पुसला

शुद्धलेखनाच्या चुका असतील, आधीच माफी मागतो. शाळा नववीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण गोल्फरची बॅग वाहणाऱ्याकडे किस्से इतके साठतात की बॅगेपेक्षा तेच जड होतात!

मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला काका-काकूंकडे राहतो. गोल्फच्या छोट्या टूरवर, म्हणजे छोट्या स्पर्धांत, खेळणाऱ्यांना गावोगावी कुणीतरी घरी ठेवून घेतं. आमच्याकडे तैवानची शाओफेन आली, प्रोफेशनल गोल्फर. तिला कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा, हवा होता, मी रिकामा होतो. काकूने पहिल्याच दिवशी तिचं नाव शोभा ठेवलं.

"गोल्फ छान आहे," काकूने जेवताना इंग्रजीत विचारलं, "पण जॉब काय करतेस?"

"हाच."

काकू मला किचनमध्ये म्हणाली, "परत विचार. तिला कळलं नसेल."

*

बॉल लोकांकडे गेला की कॅडीने जोरात ओरडायचं असतं. पहिल्याच दिवशी शोभाचा बॉल एका माणसाच्या कोल्ड कॉफीत पडला.

"तू ओरडला का नाहीस?"

"ते ओळखीचे नव्हते!"

*

शोभा एकच मराठी शब्द शिकली: "पुरे!" काकू वाढत असली की तोच लागतो. मग बॉल होलच्या पुढे पळाला की ती त्याच्यामागे धावत ओरडायची, "पुरे! पुरे!" बॉलही काकूसारखाच, कुठला थांबतोय!

*

तिच्या बाबांचं तैवानमध्ये चहाचं दुकान. त्यांची अट होती: यंदा मोठ्या टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा परवाना, मिळालं नाही, तर परत येऊन दुकान सांभाळायचं.

एकदा व्हिडिओ कॉलवर आमचे काका मध्येच डोकावले. "तुमची मुलगी फार मोठी प्लेयर आहे!"

बाबांनी विचारलं, "मग ती तुमच्या घरी का राहते?"

*

कार्डासाठीची शेवटची मॅच. शेवटच्या होलला शोभाचा बॉल झाडांत गेला. संपलं, असं मला वाटलं. जाऊन बघतो तर बॉल स्वच्छ गवतावर, समोर मोकळी वाट! शोभाने मला मिठीच मारली.

मॅच बघायला आलेली काकू शेजारीच उभी. मला मराठीत म्हणाली, "अरे, मुळांत अडकला होता. मीच काढून ठेवला. पुसलाही."

शोभाने विचारलं, "काय म्हणाली?"

आजूबाजूला मराठी कळणारं कुणीच नव्हतं.

मी सांगितलं.

दुसऱ्याने हलवलेला बॉल होता तिथेच परत ठेवायचा, असा नियम. शोभाने हात वर करून रेफरीला बोलावलं. त्याने काकूला विचारलं, "नक्की कुठे होता?"

कुणीतरी आपल्याला विचारतंय म्हणून काकू खूश. तिने बॉल नेऊन दोन मुळांच्या मध्ये ठेवला. जरा विचार केला. मग बोटाने अजून आत ढकलला. "असा!"

कार्ड एका फटक्याने गेलं.

गाडीत काकू रडायला लागली. शोभा म्हणाली, "काकू, बॉल खरंच खूप स्वच्छ होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोभाची बॅग गाडीत ठेवली. काकू डबा घेऊन मागे बसली. सिग्नलला एअरपोर्ट उजवीकडे, प्रॅक्टिसचं मैदान डावीकडे. मी उजवा इंडिकेटर दिला. शोभाने हात लांब करून तो डावा केला.

मी डावीकडे वळलो.