नेमणूकपत्राची कलर झेरॉक्स

मानपाड्याला कारखान्यांच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नव्या कामगार कायद्यानं प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकांना सक्तीचं केलं, तेव्हापासून माझं मशीन थंड म्हणून होत नाही.

परवा पिकल्या मिशांचा एक लेथवाला आला. त्यानं हात आधी पँटला पुसले, मग शर्टाला, आणि तरीही पत्र दोन कोपऱ्यांना धरूनच माझ्यापुढे केलं.

"कलर काढा. वर जाड लॅमिनेशन."

"अहो, काळ्या अक्षरांचं पत्र, कलर कशाला?"

"शिक्का निळा आहे ना! तो निळाच दिसायला पाहिजे."

पत्रावर याच महिन्याची तारीख होती. "नवीन लागलात?" मी विचारलं.

"हो, एकवीस वर्षांपूर्वी," तो मिशीत हसला. "लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलेलं, कंपनीचं लेटर कुठाय? मी बोललो, या आठवड्यात मिळतंय."

लॅमिनेशन होऊन कॉपी बाहेर आली. गरम प्लॅस्टिकवर त्यानं बाळाच्या दुधावर मारावी तशी फुंकर मारली आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला. या कायद्यावरची मालकांची गाऱ्हाणी मी पेपरात वाचलेली. त्यात कुणाचा सासराही अडकलेला असेल, असं कुठं वाटलेलं?

"फाइलला लावणार?"

"छे! टिटवाळ्याला नेणार, सासऱ्यांकडे."

"अजून आहेत?"

"आहेत की! दर दिवाळीला विचारतात, 'जावईबापू, आठवडा झाला का?'"