टाचणीची तांबी

गुरुवार, ९ फेब्रुवारी. सकाळी धुकं, कपडे वाळायला उशीर. थोरल्या नातीचा दात पडला, वरचा. सून कामावरून दोनलाच घरी आली, उभं राहवत नव्हतं. माळ्यावरची रबरी चादर काढून तिच्या अंथरुणात घातली. गरम पाण्याच्या पिशवीचं बूच गळतंय. ×

सासूबाईंच्या रोजनिशीत त्या दिवसाचं एवढंच आहे. सून दोनला का आली, ते त्यात नाही. ते कारखान्यात घडलं होतं, आणि कारखान्यातलं कारखान्यात ठेवायचं, असा सुनेचा खाक्या होता.

कारखाना पुस्तकबांधणीचा. तिथे तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तेवढीच आणि टोचायलाही तेवढीच. अकरा वर्षांपूर्वी ती घड्या घालायला लागली, मग घड्या ओळीने लावायच्या जुळणीवर गेली, आणि गेल्या वर्षी शिलाईच्या टेबलावर पोचली. शिलाईचं टेबल म्हणजे खिडकीजवळची जागा, पाठ टेकायला खुर्ची, आणि आपला दोरा आपण मेण लावून तयार करायचा. कारखान्यात याहून वरची जागा फक्त मुकादमाची, आणि तिला खिडकी नव्हती.

छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की त्याला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आधीच्यापेक्षा जराशी खाली. सगळे फर्मे ओळीने लागले की त्या खुणा जिन्यासारख्या उतरत जातात. मधला एखादा गळला तर जिन्याची पायरी गेलेली लांबूनसुद्धा दिसते. शिवणारीने टाका घालण्याआधी पाठीवरून एकदा नजर फिरवायची, एवढंच. टाचणीला ते झोपेतही जमलं असतं. पण त्या गुरुवारी तिने छत्तीस प्रती सातव्या फर्म्याशिवाय शिवल्या.

मुकादम एक प्रत हातात घेऊन आला.

“टाचणीबाई, लक्ष कुठंय? सकाळपासून चार वेळा मोरीत जाऊन आलात.”

“पाच वेळा. पाळीचा तिसरा दिवस आहे आणि रक्त थांबत नाहीये.”

मुकादम खळीच्या डब्याकडे बघायला लागला. “हे मला कशाला सांगता?”

“लक्ष कुठंय ते तुम्हीच विचारलंत.”

“हे बघा, मागच्या महिन्यातही दोन दिवस दांडी झाली. सोमवारपर्यंत तब्येत ठिकाणावर आणा. नाहीतर तुम्ही घड्यांवर बसा, शिलाईला मी कटिंगवालीला बसवतो.”

“छत्तीसच्या छत्तीस मी उसवून परत शिवते. चूक माझी. टेबलही माझंच,” असं म्हणून टाचणी उठली, आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खळ लावणाऱ्या मावशींनी तिला धरून खाली बसवलं, पाणी पाजलं आणि घरी धाडलं.

या सगळ्याच्या मुळाशी तांबी होती, दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी. धाकटी मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा टाचणीने ती स्वतः जाऊन बसवून घेतली. दोन मुली पुरे, तिसरं नको, हे तिचं पक्कं होतं. पहिल्या महिन्यात तिने मैत्रिणींना सांगितलंही, गोळी विसरायला नको, काही नको, बसवलं आणि मोकळं झालं. मग पाळी चारवरून सात दिवसांवर गेली, सातवरून नवावर, आणि पोटात कोणीतरी ओलं फडकं पिळावं तशा कळा येऊ लागल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराला सवय व्हायला तीन ते सहा महिने लागतात. टाचणीने मान्य केलं. सहा म्हणजे सहा. ती शब्दाची पक्की होती आणि इतरांनीही असावं अशी तिची अपेक्षा असे.

सहा महिने भरल्यावर ती पुन्हा गेली, तर नर्सने तिला आतच जाऊ दिलं नाही. “सगळ्या जणी असंच वाढवून सांगतात. काढायची असेल तर नवऱ्याला घेऊन या. नाहीतर ऑपरेशन करून टाका, कायमची कटकट गेली.”

“बसवताना नवरा लागला नव्हता.”

“बसवताना नाही लागत.”

हे ‘काढताना लागतो’ कुठल्या कागदावर लिहिलंय, ते दाखवा म्हटल्यावर नर्सने पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

तर त्या गुरुवारी संध्याकाळी टाचणी रबरी चादरीवर पोटाशी पाय घेऊन पडली होती. सासूबाई तिच्या उशाशी चहा ठेवायला आल्या आणि धाकटीने काहीतरी सांडलं म्हणून तशाच धावत गेल्या. त्यांच्या हातातली रोजनिशी तिथेच राहिली. बिछान्यात पडून कंटाळलेल्या माणसाने जे केलं असतं तेच टाचणीने केलं. दात, धुकं, बूच, सगळं वाचून झालं आणि शेवटच्या फुलीवर तिची नजर अडली. आदल्या पानावर तीच फुली. त्याच्या आदल्याही.

सासूबाई परत आल्या तसं तिने विचारलं, “आई, ही फुली कसली?”

सासूबाईंचा हात दाराच्या कडीवरच राहिला. “कसली नाही.”

“तिन्ही दिवस कसली नाही?”

“तुझे ते दिवस.” सासूबाई नन्सच्या शाळेत शिकल्या होत्या. पाळी हा शब्द त्यांच्या तोंडून घरात कोणी ऐकला नव्हता.

“माझे दिवस तुम्ही लिहून ठेवता? दूधवाल्याचे खाडे लिहितात तसे?”

“अगं, तुझी कंबर दुखते म्हणून पिशवी काढून ठेवावी लागते. कधी लागेल ते कळावं म्हणून. मी तर सगळंच लिहिते. बूच गळलं तरी लिहिते.”

“मी बूच नाही, आई.”

सासूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. टाचणीचा राग अजून शिगेला होता. सासूबाई म्हणाल्या, “शाळेत सिस्टर सांगायच्या, जे बोलता येत नाही ते लिहावं. मी चव्वेचाळीस वर्षं लिहिते. तुझ्या नवऱ्यानंतर मला दोनदा राहिलं, दोनदा गेलं. ह्यांना मी बोलले नाही, डॉक्टरांना नाही. त्या दोन दिवसांची पानंसुद्धा कोरी आहेत. लिहायचीही लाज वाटली. तुझी फुली निदान लिहिली तरी.”

टाचणीने चहा घेतला. गार झाला होता, तरी प्यायली. मग म्हणाली, “ही फुली कधीपासून आहे?”

“तू या घरात आलीस तेव्हापासून.”

“मागच्या वर्षाची वही आणा.”

रात्रीच्या जेवणापर्यंत दोघी मोजत बसल्या. तांबीच्या आधी सगळीकडे चार फुल्या, क्वचित पाच. ऑगस्टात सात. सप्टेंबरात आठ, पुढे नऊ, दहा, दहा, आणि जानेवारीत बारा. काही फुल्यांपुढे ‘चादर बदलली’ असंही होतं. टाचणीने कारखान्यातून आणलेली पुठ्ठ्याची पट्टी घेतली आणि काळ्या शाईने एकेका महिन्याची खूण तीवर ओढली, जितके दिवस तितकी लांब. आधीचे महिने एका रेषेत. पुढे खुणा खाली खाली उतरत गेल्या. तिने पट्टी हात लांब करून बघितली, फर्मे बघायची तशी.

नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करी. तो आला, पट्टी बघितली, आणि बूट सोडता सोडता म्हणाला, “अजून थोडं सांभाळून घेतलंस तर? काढली तर पुढे काय?”

“एखाद्या लिफ्टमधून सहा महिने खडखड येतेय, तर तू लोकांना सांगतोस का, होईल सवय?”

“छे. आधी बंद करतो.”

“मग?”

त्याने दुसरा बूट सोडला. टाचणी म्हणाली, “पुढचं तू बघ. आणायचं ते दुकानातून आणायचं.”

“कोपऱ्यावरचा दुकानदार मला ओळखतो.”

“मलाही ओळखतो. सात महिने मी त्याच्याकडून पॅड नेतेय, पोतं भरून. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही.”

शुक्रवारी ती कामावर गेली. सासूबाई नको म्हणाल्या, तरी गेली. छत्तीस प्रती उसवायच्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत बायकांनी तिला घेरलं, आणि तिने सगळं सांगून टाकलं, हळू आवाजात नाही, होता त्याच आवाजात.

“माझं ऑपरेशन झालंय,” खळवाल्या मावशी म्हणाल्या. “सकाळी टाके, संध्याकाळी सासूने भांड्यांना बसवलं. पण आता वीस वर्षं निवांत. करून टाक.”

“मी एकतिशीची आहे, मावशी. कायमचं करायचं तर ते मी ठरवीन, नर्स नाही.”

“गोळ्या घे मग,” कटिंगवाली म्हणाली. “मी घेते. विसरले की दुसऱ्या दिवशी दोन घेते, आणि महिनाभर कॅलेंडरकडे टक लावून बसते.”

“तुझ्यासारख्या विसरभोळीने गोळ्या घ्यायच्या?” टाचणी म्हणाली.

“म्हणून तर टक लावते.”

मावशींची लेक तीन महिन्यांचं इंजेक्शन घेत होती. तिची पाळीच बंद झाली, तर सासूने गल्लीभर पेढे वाटायची तयारी केली. यावर सगळ्या इतक्या हसल्या की मुकादमाने दारातून डोकावून बघितलं आणि डोकं तसंच मागे नेलं.

डबे आवरताना कटिंगवाली टाचणीच्या जवळ आली. “तुझ्या टेबलाचं मी काही बोलले नव्हते बरं का. त्यांनीच काढलं.”

“माहितीये. तुला सरळ टाका तरी कुठे येतो?”

“तेच त्यांना सांगितलं मी.”

सोमवारी सकाळी टाचणी दवाखान्यात निघाली तेव्हा सासूबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. पिशवीत दोन वह्या.

नर्सने ओळखलं. “नवरा कुठाय?”

“लिफ्टमध्ये,” टाचणी म्हणाली.

नर्स सासूबाईंकडे वळली. तिला वाटलं, आपल्या बाजूचं माणूस आलं. “आजी, तुम्ही तरी समजवा हिला. आजकालच्या मुलींना जरासं सोसत नाही.”

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वही उघडली, आणि वर्गात धडा वाचावा तशा स्पष्ट आवाजात वाचायला लागल्या. “चौदा नोव्हेंबर. पाळीचा आठवा दिवस. चादर बदलली. पंधरा नोव्हेंबर. पाळीचा नववा दिवस. सून जिन्यात बसली, वर यायला वीस मिनिटं. सोळा नोव्हेंबर. पाळीचा दहावा दिवस...”

वहीत ‘पाळी’ कुठेच नव्हतं. फुली होती. बाकी सगळं होतं तसं. बाकावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. कोपऱ्यातली एक म्हणाली, “माझंही असंच आहे हो,” आणि तिच्या शेजारची म्हणाली, “मग तू का गप्प बसलीस?”

“आजी, हळू,” नर्स म्हणाली.

“मी आयुष्यभर हळूच बोलले,” सासूबाई म्हणाल्या. “डिसेंबर वाचते आता.”

डिसेंबर सुरू व्हायच्या आत डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टाचणीने पट्टी त्यांच्या हातात दिली. खुणा कशाच्या आहेत ते एका वाक्यात सांगितलं. डॉक्टरीणबाई पट्टीकडे बघत राहिल्या, मग त्यांनी टाचणीची पापणी खाली ओढून बघितली. “रक्त कधी तपासलंय?”

“कोणी सांगितलंच नाही.”

हिमोग्लोबिन आठच्या जरासं वर निघालं. डॉक्टरीणबाईंनी नर्सकडे बघितलं, आणि मग, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं, म्हणाल्या, “मीच तेव्हा तपासायला हवं होतं.” तांबी काढायच्या आधी त्यांनी आठवड्याभरात नवऱ्याशी संबंध आला होता का, ते विचारलं. “या अवस्थेत?” टाचणी म्हणाली.

काढायला बसवण्यापेक्षा कमी वेळ लागला. एक चिमटा, एक कळ, आणि ती इंग्रजी टी अक्षरासारखी एवढीशी वस्तू ताटलीत पडली. टाचणीने मान वर करून बघितली. एवढ्याशा काडीने सात महिने तिला नाचवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढचं समजावलं. हार्मोनची तांबी असते, तिने बऱ्याच जणींचं रक्त जाणं उलट कमी होतं. गोळ्या, इंजेक्शन, दंडात बसवायची काडी. प्रत्येकाचं बरं-वाईट त्यांनी कागदावर लिहून दिलं. “काय करू या?”

“आज काहीच नाही. आधी रक्त भरून येऊ दे. तोपर्यंत कंडोम. मग मी येऊन सांगीन. आणि त्या कागदावर नवऱ्याची नसबंदीही लिहा.”

“नवरा तयार आहे?”

“त्याला अजून माहीत नाही.”

दुपारी ती कारखान्यात पोचली. मुकादम म्हणाला, “घड्यांवर ना?”

टाचणीने दोन दिवसांत शिवून रचून ठेवलेल्या छत्तीस प्रतींचा गठ्ठा त्याच्यापुढे आडवा केला. पाठी त्याच्याकडे. त्याने बोट फिरवलं. सातव्या पायरीवर जरा थांबलं, पुढे गेलं. त्याने दोऱ्याचं रीळ शिलाईच्या टेबलावर नेऊन ठेवलं. टाचणी खिडकीपाशी बसली, पाठ टेकली आणि दोऱ्याला मेण लावू लागली.

नवरा त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. तिथे अर्धा तास काढला. एकच गोष्ट मागायची लाज वाटली म्हणून आधी कापूस मागितला, मग खोकल्याच्या गोळ्या, मग दात घासायचा ब्रश, मग गरम पाण्याची पिशवी, आणि मागे दोन गिऱ्हाइकं उभी राहिल्यावर दुकानदारानेच विचारलं, “साहेब, अजून काय राहिलंय?” शेवटी त्याने सांगितलं. घरी आला तेव्हा पिशवी फुगलेली आणि कान लाल. टाचणीने सगळं बाहेर काढून बघितलं, हवं ते आहे याची खात्री केली, आणि म्हणाली, “पुढच्या वेळी सुरुवात यानेच कर. कापूस घरात आहे.”

सासूबाईंनी दिवा लावून वही उघडली. वार आणि तारीख घातली. मग सून या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, फुलीच्या जागी, अख्खा शब्द लिहिला. त्याखाली लिहिलं: मुलाने औषधाच्या दुकानातून गरम पाण्याची नवीन पिशवी आणली. बूच घट्ट बसतं.